बापूमामाची थप्पी

निरोप आला तेव्हा मी सेलूच्या घरी ओल्या लाकडांशी झटत होते. फुंकणी फुंकून फुंकून डोळ्यांना धार लागलेली. परभणीहून आलेले मामाचे शेजारी दारात थबकले, माझ्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाले, "म्हंजे तुमाला कळलं तर..." मी विचारलं, "काय?" तेव्हा त्या बिचाऱ्यांची फार पंचाईत झाली. बापूमामा गेला होता. ऐन श्रावणात. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की मामानं माझ्या चुलीतलं हे लाकूड पाहिलं असतं तर मला भाची म्हणून ओळख दिली नसती.

मामा परभणीच्या एका कचेरीत कारकून. शाळेसाठी मी लहानपणापासून त्याच्याच घरी वाढले. निजामी गेली, कचेरीतली उर्दू गेली, मामा उतारवयात मराठी मसुदे लिहायला शिकला. पण घरच्या सरपणावरचा त्याचा जुना अंमल काही हटला नाही. दिवाळीनंतर बाभळीच्या लाकडांची गाडी यायची. फोडून झालं की मामा स्वतः अंगणात थप्पी रचायचा, एक थर उभा, एक आडवा, मधून वारं खेळायला हवं. उन्हाळाभर ढलप्या उलटसुलट करायच्या. मग एक दिवस दोन ढलप्या एकमेकींवर आपटून तो कान देऊन ऐकायचा. खणखणीत वाजल्या तर "मंजूर". बद्द वाजल्या तर "मुद्दत वाढवा".

गंमत अशी, की मंजूर झालेली लाकडं चुलीत कधी जातच नसत. ती होती त्याच्या मुलीच्या, शांताच्या लग्नासाठी. शांता तेव्हा अंगणात ठिकऱ्या खेळायची! मामीच्या वाट्याला वखारीतलं ओलं लाकूड. परभणीतलं सगळ्यात कोरडं सरपण आमच्या अंगणात आणि सगळ्यात जास्त धूर आमच्याच स्वयंपाकघरात. मामीचं मागणं एकच होतं, डोळे न पुसता भाकरी करता यावी. "एक दिस कोरडं लाकूड द्या, पुन्हा काई मागणार न्हाई," ती म्हणायची. उन्हाळ्यात तर अंगणातल्या उन्हावरूनच जुंपायची. "कुरडया कुठं वाळू घालू? तुमच्या डोक्यावर?" मामानं शांतपणे टोपी काढली, टक्कल पुढं केलं. "घाल की. हितं ऊन लय चांगलं लागतंय." मामी तोंड फिरवून आत गेली आणि आत जाऊन हसली. मी पाहिलं.

यथावकाश शांताचं लग्न निघालं, थप्पी मोडली. लाकूड असं भडकलं की आचाऱ्याला कढईजवळ उभं राहवेना. बुंदी काळीठिक्कर. व्याही तणतणत आले, तर मामा भट्टीपाशी कृतार्थ चेहऱ्यानं उभा.

"पाव्हणे, धूर दिसायलाय का कुठं?"

"धूर न्हाई हो, पण बुंदी?"

"बुंदी आचाऱ्याची. लाकूड आपलं."

आता तरी कोरडं लाकूड आपल्याला मिळेल असं मामीला वाटलं होतं. पण दिवाळी झाली आणि गाडी पुन्हा दारात. "आता कुणाचं लगीन करायलाव?" मामीनं विचारलं. मामा ढलपी वाजवत म्हणाला, "असू दे. अडीनडीला लागतं..."

ती अडनड त्याचीच निघाली. आठवडाभर झड लागलेली, वखारीतलं लाकूड चिंब. मग थप्पीच उचलली. मी परभणीला पोचले तेव्हा, घासलेटचा थेंब न टाकता चिता पेटली, असं माणसं परत येऊन सांगत होती आणि सांगता सांगता ओशाळून हसत होती. मला त्या क्षणी मामाचा इतका अभिमान वाटला की रडणं राहूनच गेलं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. अंगणात तरटाखाली थोड्या ढलप्या उरल्या होत्या. संध्याकाळी मामी उठली आणि त्यातल्याच घेऊन आली. तिनं दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या, मान कलती करून ऐकलं आणि चुलीत सारल्या. भक्कन जाळ झाला. स्वयंपाकघर लख्ख, भिंतीवरची काजळीसुद्धा दिसायला लागली. मामीनं पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"इतकी वरसं भांडले ह्या लाकडासाठी," ती म्हणाली. "आता बघ... रडायला धूरबी ठेवला न्हाई ह्या माणसानं."

मग फुंकणी उचलून, काही गरज नसताना, ती चूल फुंकत बसली.