दुकानाचा पासवर्ड

हुमेरा मुकादमला लहानपणापासून किळस फार. रोह्याच्या मोहल्ल्यात वाढलेली मुलगी, पण घरात खेकडे आले की ही ओसरीत जाऊन बसायची. कुणाच्या उष्ट्या पेल्यातून पाणी प्यायची नाही. एसटीच्या खिडकीतून कुणी थुंकताना दिसलं तर पेणपर्यंत ओढणी नाकावरून काढायची नाही. तिची माय म्हणायची, "हिचं सासरी कसं निभावेल अल्लाला ठाऊक."

आणि नशिबाने पदरात पडलं ते लोकांचे जुने कॉम्प्युटर उघडण्याचं काम.

ते तिला वडिलांनी लावलं. नूरमहंमद वीस वर्षं कुवेतला होते. एका सुट्टीत त्यांनी कॉम्प्युटर सुट्ट्या भागांत आणला आणि चटईवर बसून बापलेकींनी तो जोडला. हुमेरा तेव्हा दहावीत होती. पुढे लग्न झालं, नवरा तौहीद दोह्याला गेला, आणि ती पेणच्या बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागली. रोज सकाळी रोह्याहून गाडी, निडी, नागोठणे, कासू, पेण. सहा वर्षं. मग एक दिवस ती भर दुपारीच परत आली आणि पुन्हा त्या दुकानात गेली नाही. का, ते कुणाला सांगितलं नाही. घरातच पुढच्या खोलीत टेबल टाकून ती दुरुस्त्या करू लागली.

घरातला जुना कॉम्प्युटर उघडला की आत काय निघतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. पंख्याला धुळीची आणि केसांची काळी लोकर, कोपऱ्यात झुरळांची अंडी, पालीच्या लेंड्या, एकदा तर उंदराची तीन वाळलेली पिल्लं. हुमेरा तोंडाला फडकं बांधायची, हातमोजे घालायची आणि काम झाल्यावर कोपरापर्यंत हात धुवायची. धुता येतं, म्हणून तिचं त्या घाणीशी जमलं होतं.

गेल्या वर्षी होळीनंतरच्या रविवारी ऋतुजा म्हात्रे तिच्याकडे आली. पंचविशीची मुलगी, धाटावच्या एका कंपनीत पॅकिंगला. माहेर पेणच्या खाडीकाठचं, मिठागरावर काम करणाऱ्यांचं. जुन्या साडीत गुंडाळलेला कॅबिनेट तिने लेकरासारखा कडेवर धरला होता.

"भाभी, पेणचा दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेलाय. जुना हितंच ठेवा न नवीन घ्या. मी नाय ठेवला. यात माझे आयची गाणी हायत."

तिची आई सीताबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात विधी लावणारी, धवळे गाणारी बाई. तीस-पस्तीस गावांत तिच्याशिवाय हळद लागत नसे. ऋतुजाच्या भावाने, प्रणितने, मोबाइल समोर ठेवून तिची गाणी रेकॉर्ड केली होती आणि या कॉम्प्युटरवर टाकली होती. प्रणितचा मोबाइल पुढे खाडीत पडला. सीताबाईला जाऊन दोन वर्षं झाली होती. गाणी होती ती एवढ्या एका डब्यात.

हुमेराने वायरी लावल्या, बटण दाबलं. पडदा काळा, आणि मध्ये एक छोटी चौकट. पासवर्ड विचारणारी.

"मदरबोर्ड गेला असता तर ही चौकट तरी दिसली असती का गो?" हुमेरा म्हणाली. "पासवर्ड काय ठेवलायस?"

"आमी कदीच ठेवला नाय. दुकानात देण्याआधी नव्हता हा. सारखा मधीच बंद पडायचा म्हणून नेला होता."

हुमेराने सेटिंगमध्ये जाण्याची कळ दाबून पाहिली. तिथेही तीच चौकट.  मग तिच्या बोटांनी आपोआप एक शब्द टाइप केला, आठ अक्षरांचा. पडद्याने तो नाकारला.

"काय टाकलंत?" ऋतुजाने विचारलं.

"कायनाय," हुमेरा म्हणाली. मग तोंडाला फडकं बांधलं.

तिने पत्रा सरकवून कॅबिनेट उघडला. धूळ होती, खाऱ्या हवेने स्क्रूंना गंज चढला होता, कोपऱ्यात झुरळाची दोन अंडी होती. ते सगळं नेहमीचं. पण आतल्या पत्र्यावर आणि पंख्याच्या कडेला तांबूस, वाळलेले शिंतोडे होते. मावा चघळत चघळत कुणीतरी वाकून बोलला होता, आणि ते सगळं आत उडालं होतं.

ते तोंड हुमेराला माहीत होतं. प्रविण, पेणच्या दुकानाचा मालक. सहा वर्षं त्याच तोंडाचा वास घेत ती शेजारच्या टेबलावर बसली होती. दुकानात आलेल्या प्रत्येक मशीनच्या सेटिंगला तो आपला पासवर्ड घालायला लावायचा. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तर दुसऱ्याला आतलं काही बदलता येऊ नये आणि झक मारत परत यावं, एवढ्यासाठी. निमूट परत येणाऱ्याला तो दोन मिनिटांत काढून द्यायचा आणि मोठं काम केल्यासारखा घाम पुसायचा. जो हटून बसला त्याचं मशीन चालूच होऊ नये असा पासवर्ड, आणि वर "मदरबोर्ड गेला." पासवर्ड घालायचं काम हुमेराचं होतं. तेव्हा तिला ते वाईट वाटायचं, पण वाईट वाटूनही ती घालायची.

तिने ऋतुजाला खुर्ची ओढून जवळ बसवलं. "बघ नीट. पुन्हा कुणी असं केलं तर तुझं तुला यायला पाहिजे."

आधी तिने वायर भिंतीतून काढली आणि सुरू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, आत उरलेली वीज निघून जावी म्हणून. मग बोर्डावरचा चपटा, रुपयाच्या नाण्यासारखा सेल दाखवला. "ह्या सेलावर त्याला तारीख, वेळ, सेटिंग लक्षात राहतं. बऱ्याच जुन्या मशीनचा पासवर्डपण." सेलाच्या बाजूला तीन बारीक पिना होत्या. त्यांतल्या दोन पिनांवर एक निळी टोपी. चिमट्याने तिने ती टोपी उचलली, एक पिन पुढे सरकवून बसवली, दहापर्यंत मोजलं आणि पुन्हा मूळ जागी ठेवली. सेलही बदलला. मग ओल्या फडक्याने मालकाचे शिंतोडे पुसले. तीन वेळा पुसले आणि फडकं खिडकीतून बाहेर फेकलं.

बटण दाबल्यावर चौकट आली नाही. सेटिंग पुसलं गेलंय, तारीख लावा, असं सांगणारी ओळ आली. ऋतुजा हसली. पण पुढे विंडोज सुरू होता होता पडदा निळा झाला आणि सगळं पुन्हा बंद पडलं.

"गेला ना भाभी?"

"थांब गो. सगळं सेटिंग मूळचं झालंय, त्यात डिस्कचंपण बदललं." हुमेराने आत जाऊन डिस्कची पद्धत पूर्वीसारखी केली. या वेळी मशीन कुरकुरत चालू झालं. भिंतीवर लावतात तसा पडद्यावर सीताबाईचा फोटो होता, कपाळभर कुंकू, नाकात नथ.

गाणी होती. सगळी होती. ऋतुजाने एक लावलं, सीताबाईचा जाडसर आवाज खोलीत आला, मागे कोंबड्यांचा कलकलाट. पोरीने डोळ्यांना ओढणी लावली. इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

हुमेरा खात्रीसाठी बाकीचं तपासत होती. अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी तिने उघडली आणि तिचा हात थांबला. मशीन दुकानात होतं त्या चार दिवसांत कुणीतरी फोटोंचा फोल्डर उघडला होता. गाण्यांना हात नव्हता लावला. ऋतुजाच्या हळदीचे फोटो, नाहणं झाल्यावर ओल्या साडीत बायका एकमेकींवर पाणी उडवताहेत ते. वहिनीच्या बाळंतपणातले, बाळ अंगावर पीत असलेले. एक एक करून उघडलेले. आणि काही नोंदी अशा डिस्कच्या होत्या, जी या मशीनमध्ये नव्हतीच. फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून तिथेही उघडून पाहिले होते.

हुमेराने ऋतुजाला दाखवलं. आपल्याला लपवायचं असतं तर त्याच वेळी यादी पुसता आली असती, तेही तिच्या मनात येऊन गेलं.

 ऋतुजा ड्रेसला हात पुसत राहिली, हाताला काहीच लागलेलं नसताना.

"तुमाला कसं कळलं तो दुकानदार असा हाय? तुमी आधीच काहीतरी टाइप केलात."

मग हुमेराने सांगितलं. आठ वर्षांपूर्वीची ती दुपार. जेवून ती दुकानात परत आली तेव्हा प्रविण आणि त्याचे दोन दोस्त मागच्या टेबलावर वाकून हसत होते. पडद्यावर एका बाईचे फोटो होते. बाईने नवऱ्याला सौदीत पाठवायला काढलेले, दुसऱ्या कुणी बघायचे नव्हतेच. बाई पेणचीच, सुगरा. हुमेराच्या लांबच्या नात्यातली. तिचं मशीन हुमेराने स्वतः घेतलं होतं, स्वतःच्या अक्षरात पावती फाडली होती. प्रविण म्हणाला होता, "तू बायमाणूस, तुला काय त्याचं? जा, चहा सांग." हुमेराने भिंतीतली पिन उपटली. मागच्या मोरीवर जाऊन ओकली आणि स्टेशनवर चालत गेली.

"न मग? सांगितलंत तिला?"

"नाय."

"पोलिसात?"

"नाय गो. लोक म्हणतील तू तिथं काय करत होतीस. तौहीदला कळलं तर... सुगराचं घर मोडलं तर... असं आठ वर्षं."

ऋतुजा उठली. तिने कॅबिनेट साडीत गुंडाळायला घेतला आणि पाठ करूनच म्हणाली, "तुमी तवा बोलला असतात तर माझे वहिनीचे फोटो त्याने बघितले नसते."

त्या दिवशी हुमेराने किती वेळा हात धुतले याला गणती नाही. साबणाने हाताची कातडी सोलवटली. प्रविणच्या शिंतोड्यांची किळस पुसून गेली होती, पण त्या आठ अक्षरांवर आपली बोटं आपोआप फिरली, हे ती विसरू शकत नव्हती. आपणच त्या दुकानाचं कुलूप होतो, असं तिला वाटत राहिलं, आणि स्वतःच्या अंगाचीच शिसारी येत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने ऋतुजाला फोन केला. "मशीन चालू करू नकोस. तसंच घेऊन ये. पेणला जाऊ."

दोघी पेणच्या पोलीस ठाण्यात गेल्या. महिला अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. हुमेराने जबाब दिला, त्यात पासवर्ड आपण स्वतः घालायचो हेही दिलं. अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, "हे लिहू ना नक्की?" हुमेरा म्हणाली, "तेच आधी लिहा." आठवड्याभरात दुकानातल्या डिस्का जप्त झाल्या. एका डिस्कवर मालकाने सालावार नावं घालून फोल्डर ठेवले होते. गावांची नावं, बायकांची नावं. कुणी दुकानदार हिशेबाची वही ठेवणार नाही इतक्या नीट.

तौहीदचा दोह्याहून फोन आला. "तुला काय गरज होती? इथं आपल्या गावचे चाळीस लोक आहेत. सगळे मला विचारतात."

"त्यांना सांग, त्यांच्याच बायकांची नावं असतील त्यात," हुमेरा म्हणाली आणि फोन ठेवला. पंधरा दिवस तो बोलला नाही. मग स्वतःच बोलू लागला, पण त्या विषयावर नाही.

मोहल्ल्यात कुणी शाबासकी दिली असंही नाही. काहींनी मशीनं द्यायची बंद केली. प्रविण स्वतः एकदा आला, जामिनावर सुटल्यावर. दारात उभा राहून हसत म्हणाला, "हुमेरा, एकाच ताटात जेवलो आपण. तुझी सही असलेल्या पावत्या माझ्याकडे हायत." तोंडात मावा होता. बोलता बोलता त्याने अंगणात पिंक टाकली.

"त्या पावत्या मीच पोलिसांना मागायला सांगितल्यात," हुमेरा म्हणाली. "आता ते थुंकलास ते पुस."

तो पुसणार नव्हताच. पण शेजारच्या दोन बायका बाहेर आल्या होत्या आणि हालत नव्हत्या. तो गेला. हुमेराने बादलीभर पाणी ओतून अंगण खराट्याने घासलं.

सुगराकडे ती स्वतः गेली. पोलिसांचा कागद पोचण्याआधी आपल्या तोंडून कळावं म्हणून. सुगराने सगळं ऐकलं. रडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, "माझ्या पोरीच्या लग्नात तू माझ्या बाजूला बसून बिर्याणी खाल्लीस, तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

"जा," सुगरा म्हणाली. हुमेराने पुढ्यातला पाण्याचा पेला उचलला नव्हता. सुगराने तो तिच्यासमोर मोरीत ओतला आणि पेला बाहेरच्या धोंड्यावर पालथा घातला.

तरी सुगराने साक्ष द्यायला होकार दिला. तिच्यामागून आणखी सहा जणी आल्या. पेणच्या दुकानाला अजून कुलूप आहे. निकाल लागलेला नाही. तारखेच्या दिवशी हुमेरा सकाळच्या गाडीने जाते. कोर्टाच्या बाहेर बाक एकच आहे, सगळ्या त्यावर बसतात. सुगरा एका टोकाला, हुमेरा दुसऱ्या. मध्ये ऋतुजा बसते, डबा उघडते आणि दोन्हीकडे पुढे करते. हुमेरा घेते. सुगरा अजून घेत नाही.