आईच्या शेताचा फुकट फोटो

मंडळी, आज डोकं फिरलंय.

सकाळी आईसोबत मुळगावच्या थांब्यावर बसची वाट बघत होतो. समोर खाण कंपनीचा नवा फलक: 'आमची खाण, हिरवं रान'. त्यावर भातात वाकलेली बाई. आमची आईच!

फोटो मीच काढलेला. कुणीही वापरावा म्हणून हौसेनं फुकटच्या साइटवर टाकला होता. पुढच्याच पावसाळ्यात याच खाणीचा चिखल त्या शेतात उतरला. आज तिथं गवतही उगवत नाही.

फलकावरच्या नंबरावर फोन लावला. "साइटवर फुकट होता, घेतला," म्हणाले.

आई ऐकत होती. आमच्या बोलीत म्हणाली, "शेत तांणी बुडयलें. फोटो तुवें दिलो."

साइटवरून फोटो आत्ताच काढून टाकलाय. फलक तसाच आहे. सांगा, आईला काय उत्तर देऊ?