होकायंत्रामागचे डबे

तीन आठवड्यांपूर्वी कांबळेचा फोन आला, तेव्हा पहिली पाच मिनिटं मी त्याला माझ्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं ऐकवलं. तो बिचारा हूं-हूं करत राहिला. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाला, "सदा गेला रे, बाळ्या. आज सकाळी." ...सदानंद खवणेकर. साकीनाक्याला लेथचा गाळा असलेला आणि त्याच गाळ्यात, समुद्रापासून चांगला लांब बसून, तीस फूट लांबीची शिडाची होडी बांधणारा माझा मित्र.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या होडीतून आम्ही तिघांनी थेट आफ्रिकेला, मोंबासाला जायचं ठरवलं होतं. सदा कप्तान, टेलिफोन खात्यातला कांबळे विजेचं आणि वायरलेसचं बघणार, आणि नाहूरला राहून विमा कचेरीत कारकुनी करणारा मी शिधाप्रमुख. मला हे पद कसं मिळालं तेही सांगतो. होडी गाळ्याबाहेर काढण्याची मोजमापं आधी माझ्याकडे होती. मी होडी मोजली, दार मोजलं. होडी ज्या गाड्यावर चढवायची तो गाडा मोजायचा राहिला. शेवटी भिंत पाडावी लागली. विटांच्या ढिगाकडे बघत सदा म्हणाला, "बाळ्या, तू जेवणाचं बघ."

मग मी जेवणाचं असं काही बघितलं की विचारू नका. खाण्याच्या हवाबंद डब्यांवरचे कागद ओलाव्याने सुटून होडीतलं पाणी उपसायच्या पंपात अडकतात, म्हणून ते सोलून प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटने खूण केली. वा म्हणजे वाटाणे, अ म्हणजे अननस. लाटांनी सरकू नयेत म्हणून केबिनच्या भिंतीलगतचं कपाट निवडलं आणि दोन दिवस खपून ते ठासून भरलं. त्याच भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, सुकाणूसमोर, होकायंत्र होतं. सदाने ते आठवडाभर आधी रिकाम्या होडीत ताडून घेतलेलं. पत्र्याचे डबे आणि चुंबकाची सुई... शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. बरं, कळायची संधी मलाही मिळाली होती. मधेच चहा प्यायला सुकाणूपाशी बसलो, तर सुई सकाळच्यापेक्षा जरा वेगळीकडे. होडी धक्क्याला बांधलेली, तोंड तिकडेच. मी काचेवर टिचकी मारली. सुई थरथरली आणि पुन्हा तिथेच येऊन थांबली. दोन दिवसांची रचना आता उचकटायची या विचाराने माझा चहा गार झाला. म्हटलं, आपल्याच डोळ्यांचा दोष असेल.

दुसऱ्या दिवशी वर्सोव्याहून चाचणीला निघालो. जमीन दिसेनाशी होईपर्यंत पश्चिमेला, मग सुई बघत सरळ परत. किनारा आला तो भलताच. एका मचव्यावरच्या कोळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "वर्सोवा मागं रायला, शेठ. ही गोराई."

"झकास," कांबळे म्हणाला. "या हिशोबाने मोंबासाला निघून कराचीला चहा प्यायलो असतो."

सदा मात्र चिडला नाही. धक्क्याला आल्यावर सुईसमोर मांडी घालून बसला आणि मला एकेक डबा काढायला लावला. "आता परत ठेव. आता दुसरा." दुपारभर तोच खेळ. नवं खेळणं मिळाल्यासारखा चेहरा. डबे संपल्यावर त्याने सहज विचारलं, "भरताना सुई हलली होती काय रे?"

"छे," मी म्हणालो.

डबे पुढच्या टोकाला गेले, होकायंत्र पुन्हा ताडून झालं, पण ते 'छे' माझ्या डोक्यातून जाईना. निघायला चार दिवस असताना मी गाळ्यात गेलो. सदा शीड शिवत होता.

"सदा, हलली होती."

"माहीत आहे. सातव्याच डब्याला सरकते. तू ऐंशी ठेवलेस."

"मग विचारलंस कशाला?"

"कधी सांगतोस ते बघायचं होतं."

"आणि नसतंच सांगितलं तर?"

"दोघंच गेलो असतो." त्याने दाताने दोरा तोडला. "डबे मरू देत रे. मी आत झोपलेला असताना सुकाणूवर तू एकटा असणार. दिसलं ते तू सांगितलं पाहिजेस..."

आम्ही तिघे गेलो, पोचलोही. पण पुढे कितीतरी वर्षं मला एकच कुतूहल होतं. खरंच त्याने मला किनाऱ्यावर ठेवलं असतं? विचारलं की हसायचा. "मेल्या, पोचलास ना?" मीही मनाशी ठरवून टाकलं की तो मला नुसता घाबरवत होता.

गेल्या रविवारी गोरेगावला वहिनींना भेटायला गेलो होतो. त्या सदाच्या टेबलाचा खण आवरत होत्या. एका टाचणीत दोन कागद निघाले, दोन्ही पहाऱ्याच्या पाळ्यांचे तक्ते, सदाच्या ठसठशीत अक्षरात. एकावर तिघांची नावं. पहाटेची, सूर्योदयाची पाळी मला. दुसऱ्यावर दोघांचीच. पट्टीने आखलेला, मोंबासापर्यंतचा प्रत्येक दिवस भरलेला, कुठे खाडाखोड नाही.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं नाव आहे तो ठेवा आठवण म्हणून."

मी दुसरा मागून घेतला.