सानिकाची शाब्दिक उदाहरणं

“सानिकाच्या आईला बोलावून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगा,” मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या.

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळा सोडून दहावीला बाहेरून बसायचा अर्ज. नववीत गणितात गटांगळ्या खाणारी मुलं अशी बाहेर काढली की दहावीचा रिझल्ट शंभर टक्के. आमच्या शाळेत हे कुणी मोठ्याने बोलत नाही, एवढंच.

“फेरपरीक्षेपर्यंत थांबा,” मी म्हटलं. सानिका नववीत गणितात नापास झाली होती, आणि गणित मीच शिकवत होते. त्यांनी मान हलवली, पण मनातून नाही.

सानिका गव्हाण गावाहून बसने यायची. आई मासळी विकते. मुलगी कधी गैरहजर नाही, वही स्वच्छ. मी तिचा गणिताचा पेपर पुन्हा काढला. नुसत्या आकडेमोडीची उदाहरणं बरोबर होती. शाब्दिक, म्हणजे चार वाक्यं वाचून समीकरण मांडायची, ती सगळी कोरी. खाली मीच लाल पेनाने ‘प्रॅक्टिस मोअर’ लिहिलं होतं. शाबास माझी!

तिला स्टाफरूममध्ये बसवलं आणि पुस्तकातला एक प्रश्न वाचायला सांगितला. ती आमच्या सेमीच्या वर्गात होती. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीत. ती प्रत्येक शब्दाला अडखळत होती. शेवटच्या शब्दापर्यंत पोचली तेव्हा पहिला विसरली होती. डोळे भरून आले तिचे.

मी पुस्तक मिटलं आणि तोच प्रश्न मराठीत सांगितला. “ऐक. आई आणि मुलीच्या वयांची बेरीज बावन्न. चार वर्षांपूर्वी आई मुलीच्या तिप्पट वयाची होती.”

तिने दोन ओळी लिहिल्या. “मुलगी पंधरा, आई सदतीस. बरोबर हाय का, बाई?”

बरोबर होतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण सातवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या या मुलीला आठवीत सेमीत घालायचा सल्ला माझाच होता.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. गणित मराठीतून घेऊ या म्हटल्यावर ती उखडली.

“तुमीच बोलल्या व्हत्या, सेमी घ्या, पुढं सोपं जातं. आता गावात काय सांगू, पोरगी खाली उतरवली?”

“चूक माझी होती,” मी म्हटलं.

 शिक्षकाकडून हे ऐकायची सानिकाच्या आईला सवय नसावी. मग तिने लेकीकडे पाहिलं.

“आये, मना मराठीत समजतं,” सानिका हळूच म्हणाली.

फेरपरीक्षेचा पेपर मी दोन्ही भाषांत काढला. मोठ्या बाई कुरकुरल्या, “सेमीचा पेपर मराठीत?”

“परीक्षा गणिताची आहे ना?” मी म्हटलं.

सानिका पास झाली. पहिली-बिहिली नाही आली, पण शाब्दिक उदाहरणांपैकी एकही कोरं नव्हतं. दहावीला ती आमच्याच शाळेतून बसणार आहे, गणित मराठीतून.

आता नापास मुलाला मी आधी प्रश्न वाचून दाखवायला लावते, उत्तराचं नंतर बघते. यात काही मोठी अक्कल नाही. कुणीही करावं असं काम आहे.

गेल्या वर्षी चार मुलांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला. गणितात कच्ची, असा शेरा मीच दिला होता. त्यांचे पेपर बघायला गेले, तर ते रद्दीत गेले होते.