काकांनी भिंग थांबवलं नाही

माझे काका श्रीधर गेल्या महिन्यात, सोमवारी सकाळी, नागपुरात धंतोलीतल्या एका रुग्णालयात वारले. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी समुद्रातल्या दीपगृहावर काढली. पोहायला ते कधीच शिकले नाहीत.

कोकणातल्या एका छोट्या उपसागरात, किनाऱ्यापासून दूर खडकावर ते दीपगृह आहे. गलबतं त्या खडकावर फुटत, म्हणून ते बांधलं. पहिला मनोरा समुद्राने रखवालदारासकट नेला. दुसरा, दगडी, टिकला. त्याचा दिवा लुकलुकतो, कारण दिव्याभोवतीचं अवजड भिंग फिरत असतं. भिंग थांबलं तर उजेड स्थिर दिसतो, आणि नाखवे त्याला बंदराचा दिवा समजून सरळ खडकावर येतात.

एका वादळी संध्याकाळी भिंगाची मोटर बंद पडली. काका ते हाताने फिरवू लागले. तेवढ्यात खाली एक होडी खडकावर आपटून फुटली. जोडीदार दत्ताराम दोर घेऊन धावले. पाण्यात दत्तारामांचाच धाकटा भाऊ महादेव होता. "श्रीधर, खाली ये! एकट्याने दोर धरवत नाय!" मागून आणखी होड्या बंदराकडे येत होत्या. काका गेले नाहीत. दोराने दत्तारामांच्या तळहातांची सालं काढली. लाटेने महादेवला दोनदा खडकावर आपटलं आणि ओढून नेलं... प्रेत सापडलं नाही. दत्ताराम वर आले आणि लोखंडी दांड्याने त्यांनी काकांचा जबडा फोडला. रक्त भिंगावर उडालं. काकांनी आधी भिंग पुसलं, मग तोंड. मागच्या होड्या सुखरूप पोहोचल्या. चौकशीत काका म्हणाले, शिडीवरून पडलो.

त्यानंतर दोघांची बदली झाली. ते पुन्हा बोलले ते काकांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी.

"दत्तारामले फोन लाव गा," काका मला म्हणाले. मी स्पीकर चालू केला.

"काहून बे, जित्ता हायेस का अजून?" काकांनी विचारलं.

"तुला पोचवल्याशिवाय कसा मरू? जबडा काय म्हणतो?"

"पोहे चावतो. चिवडा नाई जमत." मग काकांनी विचारलं, "म्या खाली याले पायजे होतं का?"

पलीकडून दत्ताराम म्हणाले, "मागच्या होडीत माझा मुलगा होता. तरी सांगतो, यायला हवं होतंस."

"हव," काकांनी होकार दिला.

दत्ताराम नागपूरला आले तेव्हा अंत्यसंस्कार झाले होते. त्यांनी थोड्या अस्थी मागून घेतल्या. गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाने फोनवर कळवलं: महादेव बुडाला तिथेच, खडकाखालच्या पाण्यात, दत्तारामांनी त्या स्वतःच्या हाताने सोडल्या.