डॉक्टर करणारी पट्टी

कोल्हापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत एक पोलादी पट्टी होती. तिनं जेवढे डॉक्टर केले, तेवढे अख्ख्या महाराष्ट्रातल्या मेडिकल कॉलेजांनी केले नसतील. उद्यमनगरातल्या कुणीतरी हॅक्सॉचं पातं घासून ती करून दिलेली. भट्टीतनं निघालेली पावडर मुशीच्या तळाला घट्ट बसायची. ती याच पट्टीनं खरवडायची, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत. का? तर हिनं खरवडलं की पावडरीत चुंबकत्व येतंच! खंडेनवमीला मोठमोठी यंत्रं ताटकळत उभी आणि पहिलं हळदकुंकू पट्टीला.

पावडर म्हणजे झिंक ऑक्साइड, त्यात चिमूटभर कोबाल्ट. कण इतके बारीक की आमच्या हुपरीत भांडणंसुद्धा त्याहून मोठ्या कारणावरनं होतात. निव्वळ झिंक ऑक्साइड लोहचुंबकाला ओळख देत नाही. कोबाल्ट घातल्यावर देतं का, हा माझ्या पीएच.डी.चा प्रश्न. उत्तर सरांनी आधीच ठरवलेलं: देतं.

पण मी पैंजण घडवणाऱ्या घरातली. कानशीनं घासल्यावर जो चांदीचा कीस पडतो, तो आटवायच्या आधी त्यातनं लोहचुंबक फिरवायचा, हे मला चालायच्या आधी शिकवलेलं. चुंबकाला चिकटतं ते कानशीचं लोखंड. चांदी बिचारी जागची हलत नाही. त्यामुळं ती पट्टी पहिल्यांदा हातात आली तशी मी आधी तिची धार बघितली. एक कड झिजून पार कोयत्यासारखी वाकलेली. मग झिजलेलं पोलाद गेलं कुठं?

पट्टी ठेवून दिली. राजारामपुरीत आईस्क्रीम खाल्लं, त्याचा लाकडी चमचा धुऊन आणला आणि त्यानं खरवडत बसले. एका मुशीला अर्धा दिवस जायचा, हाताला घट्टे पडले. पण एक्स-रेचा आलेख आला तो असा देखणा, की त्याला स्थळं सांगून यावीत! कोबाल्ट गुमान जस्ताच्या जागी बसलेला, परक्या पदार्थाचं एक शिखर दिसेना. चुंबकत्वाच्या आलेखात मात्र काडीसारखी सरळ रेष, म्हणजे लोहचुंबकाला ओळख नाहीच.

सर कडाडले, "सगळ्यांचं येतंय, तुझंच कसं येत न्हाय? पट्टी वापर की!"

"न्हाय वापरणार, सर."

"मग डॉक्टर पण न्हाय होणार."

शेजारच्या टेबलावरचा सीनियर दादा हळूच म्हणाला, "अगं ए, रंकाळ्यावर जा, भेळ खा, डोकं शांत कर आणि ये खरवडायला. कुणाचं काय जातंय?"

माझं जात होतं. भेळ खाल्ली, पण डोकं काही शांत झालं नाही.

दुसऱ्या दिवशी कोबाल्टचा कणसुद्धा न घालता झिंक ऑक्साइड भाजलं. अर्धं पट्टीनं खरवडलं, अर्धं चमच्यानं, आणि दोन्ही सरांच्या समोर यंत्रात घातलं. चमच्याचं आलं, उताराची सरळ रेष. पट्टीचं आलं आणि पडद्यावर पैलवानाच्या मिशीसारखा भरदार वळसा उमटला. सर खुर्चीतनं उठले.

"आलं की! कोबाल्ट किती घातलंस?"

"शून्य."

"मग हे आलं कुठनं?"

मी पट्टी पुढं धरली. "उद्यमनगरातनं."

सरांनी पट्टीच्या वाकलेल्या कडेवरनं बोट फिरवलं. म्हणाले, "आजवरच्या माझ्या पोरांचं काय मग?"

"त्यांनी परत मोजावं. माझ्या प्रबंधात सरळ रेषच जाणार. वळसाच पाहिजे असंल तर मी चालले हुपरीला, बिनडिग्रीची. आमच्यात चांदीत लोखंड चालत न्हाय."

सरांनी सही केली. पेन इतकं दाबून, की ती खालच्या पाच पानांवर उमटली.

यंदाच्या खंडेनवमीला पट्टीच्या शेजारी मी माझा चमचा मांडला. दादा खिंकाळला, "आईस्क्रीमच्या चमच्याला कुंकू? ह्यानं किती डॉक्टर केले गं?"

"एकच," मी म्हणाले. "लाव कुंकू."