करकरणारा खुनी

इंदिरानगरात कुणी नुसतं 'खून' म्हटलं, की शामसुंदर गायधनी घसा साफ करतात. बातमी कुठल्याही खुनाची असो, गाडी अडतीस वर्षांपूर्वीच्या श्रुतिकेवर येणार म्हणजे येणार. 'मागच्या दाराचा पाहुणा', रेडिओवरचं रहस्यनाट्य. "खुनी मीच होतो," शामसुंदर सांगणार, "महाराष्ट्र घाबरला होता!"

महाराष्ट्राचं माहीत नाही, पण गायधनींचं म्हणणं खोडायला पुरावा नव्हता. रेडिओ केंद्रातली मूळ टेप पुसली गेली होती. त्या बातमीवर शामसुंदरांनी हळहळ व्यक्त केली आणि घरी येऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

कारण खरी गोष्ट वेगळी होती. ते केंद्रावर गेले होते मावसभावाचा डबा पोचवायला. पायात लग्नातल्या नव्याकोऱ्या कोल्हापुरी वहाणा, चालताना अशा करकरणाऱ्या की गल्लीने वळून बघावं. आवाज ऐकून निर्माता स्टुडिओतून धावत बाहेर आला. "कोण चालतंय? या आत, बोलायचं नाही, नुसतं चाला!" खुन्याचे संवाद एका जाडजूड नटाचे, पाय तेवढे गायधनींचे. घरी सांगताना पायांचा खुनी हळूहळू गुडघ्यापर्यंत आला, मग कमरेपर्यंत, आणि पेन्शन सुरू होईस्तोवर पुरता तोंडापर्यंत पोचला.

आता सून स्वरदा, पोर कर्तबगार. जुना टेपरेकॉर्डर दुरुस्तीला घेऊन ती देवळाली कॅम्पात सलाउद्दीनच्या दुकानात गेली आणि सासऱ्यांचं कौतुक सांगून बसली.

"मागच्या दाराचा पाहुणा?" सलाउद्दीन म्हणाला. "ती तर माझ्याकडे हाय! रेडिओसमोर माईक धरून भरलेली."

झालं. रविवारी सकाळी गायधनींच्या हॉलमध्ये कॅसेट ऐकायचं ठरलं. शेजारचे देवव्रतराव कुंटे चिवड्याची बशी मांडीवर घेऊन पहिल्या खुर्चीत. या माणसाने अडतीस वर्षं याच दिवसाची वाट पाहिली होती.

"कॅसेटला बुरशी आली असेल हो," शामसुंदर म्हणाले.

"साफ करून आणलीय, भाऊ," सलाउद्दीन म्हणाला.

"माझं बीपी..."

"गोळी दिलीय मघाशी," त्यांच्या पत्नी श्यामलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

टेप सुरू झाली. आधी खरखर, मग वारा, मग दार. आणि मग पावलं. कर्र... फट. कर्र... फट. स्वरदाने उशी पोटाशी धरली. तेवढ्यात खुनी बोलला, "दिवा लावू नकोस, सुमती!"

आवाज विहिरीतून आल्यासारखा. देवव्रतरावांचा घास हातातच राहिला.

"गायधनी, हा तुमचा आवाज?"

"सर्दी झाली होती तेव्हा."

"सर्दीने नाक चोंदतं. माणूस बदलतो होय?"

शामसुंदर घामाघूम. अजून शेवटची नामावली बाकी होती, तीत खुन्याच्या नटाचं नाव ठणठणीत येणार होतं. निवेदिका म्हणाली, "सुमती, अमुक. इन्स्पेक्टर, तमुक. आणि खुनी..."

"सल्लू! अरे मुडद्या, दूध उतू गेलं!"

सलाउद्दीनची अम्मी, अडतीस वर्षांपूर्वीची, अगदी खणखणीत. नाव बुडालं. टेप संपली.

"अम्मी माझी," सलाउद्दीनने डोळे पुसले.

शामसुंदरांना त्या माउलीच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. त्यांनी ऐटीत मिशीवर हात फिरवला. "बघा, नेमकं माझंच नाव!"

"टेप मागे घ्या हो जरा," श्यामलाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "पावलांपर्यंत."

कर्र... फट.

"हे आमच्या यांचे पाय. बोलणारा दुसराच कुणी." त्यांनी पदराला हात पुसले. "सायखेड्याला माहेरी सगळे रेडिओला कान लावून बसलो होतो. हा आवाज आला आणि आमचे नाना ओरडले, 'जावई आले!' वहाणा नानांनीच केल्या होत्या ना पसंत. डाव्याचा अंगठा सैल, म्हणून ते फट."

"तुला तेव्हापासून माहीत होतं?" शामसुंदर पुटपुटले.

"नाहीतर काय? तुमची फजिती करायची नव्हती म्हणून गप्प राहिले. पण अडतीस वर्षं परक्याच्या आवाजाची फुशारकी मारता, आणि माझ्या नानांच्या वहाणांचं एकदा नाव नाही!"

देवव्रतराव हसायला तोंड उघडणार, तोच सलाउद्दीन म्हणाला, "भाऊ, खरं सांगू? बोलणाऱ्याला मी घाबरलोच नाय. ती पावलं ऐकली आणि आठ दिवस अम्मीला चिकटून झोपलो. बावीस वर्षांचा घोडा मी!"

शामसुंदरांनी मान वर केली. श्यामलाबाई आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेल्या वहाणा घेऊन आल्या. "घाला."

त्यांनी त्या घातल्या आणि हॉलच्या टोकापासून निघाले. कर्र... फट. देवव्रतरावांच्या मांडीवरून चिवडा सांडला.

मग श्यामलाबाईंनी रेडिओतल्या बाईसारखा आवाज लावला, "पावलं, शामसुंदर गायधनी. वहाणा, सायखेड्याचे नाना." आणि नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "उद्यापासून असं सांगायचं. फक्त नानांचं नाव आधी."